रॅम महागली, विंडोज १० गेलं: पन्नास हजारांत लिनक्सचा गेमिंग पीसी आता कसा जोडायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्याच महिन्यात स्टीमच्या हार्डवेअर सर्व्हेमध्ये लिनक्सवर खेळणाऱ्यांचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. १२ नोव्हेंबरला व्हॉल्व्हने लिनक्सवरच चालणारं 'स्टीम मशीन' जाहीर केलं. आणि ३ डिसेंबरला मायक्रॉनने सांगून टाकलं की 'क्रुशल' या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं आम्ही बंद करतोय.

पहिल्या तीन बातम्या वाचून वाटतं, चला, लिनक्सवर गेमिंग करायची हीच वेळ. चौथी बातमी दुकानात गेल्यावर कळते.

गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच आहे: "पन्नास हजार आहेत, मॉनिटर घरात आहे, विंडोजचे पैसे घालायचे नाहीत, काय घेऊ?" २०२५ च्या उन्हाळ्यात याचं उत्तर मी दोन मिनिटांत दिलं असतं. आज तेच उत्तर दिलं तर पैसे कमी पडतात. का कमी पडतात आणि मग कुठे कापायचं, ते बघू.

रॅमचं नेमकं काय झालंय?

उन्हाळ्यात १६ जीबी डीडीआर४ चं किट साधारण तीन-साडेतीन हजारांत मिळत होतं. वर्ष संपेपर्यंत भाव दुप्पट-तिप्पट झाले, डीडीआर५ चे तर त्याहून वाईट. राजारामपुरीतल्या एका दुकानदाराने मला सकाळी सांगितलेला रेट दुपारी बदलला होता. "भावा, मलाच वरनं रोज नवा रेट येतोय, मी तरी काय करू?" त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता.

जगात डीरॅम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना एचबीएम नावाची वेगळी मेमरी लागते. ती बनवायला, मायक्रॉननेच सांगितल्याप्रमाणे, तेवढ्याच डीडीआर५ च्या साधारण तिप्पट वेफर खर्ची पडतात. वेफर म्हणजे सिलिकॉनची चकती, जिच्यावर चिप छापल्या जातात. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला ओपनएआयने सॅमसंग आणि हायनिक्सशी जो करार जाहीर केला, त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतचा आकडा होता. कारखाने तेवढेच, चकत्या तेवढ्याच, आणि जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक दारात. तुमच्या-माझ्या १६ जीबीच्या काडीसाठी कोण थांबणार?

डीडीआर४ जुनी आहे म्हणून ती तरी स्वस्त राहील असं वाटेल. पण या तिन्ही कंपन्यांनी २०२५ मध्येच डीडीआर४ चं उत्पादन आवरतं घ्यायचं ठरवलं होतं. त्यामुळे तिचाही भाव चढला, फक्त डीडीआर५ पेक्षा कमी. स्टीम मशीनही यातून सुटलं नाही. मेमरीच्या टंचाईमुळे किंमत आणि तारीख यांचा फेरविचार करावा लागतोय असं व्हॉल्व्हने फेब्रुवारी २०२६ मध्ये सांगितलं. तसंही आपल्याला त्याचा फार उपयोग नाही. स्टीम डेक भारतात अधिकृतपणे कधी विकलाच गेला नाही आणि स्टीम मशीनचीही सुरुवात त्याच देशांपुरती ठरली आहे.

"गुजरातेत मायक्रॉनचा कारखाना होतोय ना, मग?" हेही बरेच जण विचारतात. साणंदचा प्रकल्प चिपची जुळणी आणि चाचणी करण्याचा आहे. वेफर तिथे तयार होत नाहीत. तुटवडा वेफरचा आहे, त्यामुळे साणंदमुळे आपल्याकडे रॅम स्वस्त होईल ही आशा धरू नका.

हिशेब साधा आहे. पन्नास हजारांच्या पीसीत रॅमने पाच-सहा हजारांचं भोक पाडलंय. एसएसडीही महागली, कारण त्याच कंपन्या आणि तेच गिऱ्हाईक.

पार्ट निवडायच्या आधी दोन प्रश्न

माझ्या ओळखीतला एक मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, आणि दिवाळीच्या बोनसमधले पैसे पीसीसाठी बाजूला काढलेत. त्याने मला पार्टची यादी पाठवली होती, व्हिडिओ बघून बनवलेली, चांगली होती. मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. खेळणार काय? आणि कॉलेजचं कुठलं सॉफ्टवेअर लागतं?

पहिल्याचं उत्तर आलं: व्हॅलोरंट. संपला विषय. व्हॅलोरंटचं 'व्हॅनगार्ड' हे अँटी-चीट विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतं आणि लिनक्सवर ते चालत नाही. कितीही भारी कार्ड घ्या, चालणार नाही. फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग आणि बॅटलफील्ड ६ यांचीही तीच गत. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर छान चालत होता, ईएने ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी तो बंद केला. जीटीए ५ ची स्टोरी चालते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आल्यापासून जीटीए ऑनलाइन चालत नाही. म्हणजे आज चालणारा ऑनलाइन गेम उद्याही चालेल याची हमी कुणी देत नाही, आणि तो निर्णय आपल्या हातात नसतो.

दुसरी बाजूही सांगतो. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्ससाठीच बनवलेल्या आवृत्तीत मिळतात. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम, म्हणजे विचर ३, सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, बाल्डर्स गेट ३, प्रोटॉनमधून चालतात. प्रोटॉन म्हणजे व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये आणलेलं भाषांतराचं यंत्र म्हणा ना: विंडोजचा गेम डायरेक्टएक्समध्ये जे मागतो, ते लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलून देतं. तुमचा गेम चालतो की नाही ते प्रोटॉनडीबी या साइटवर खेळाडूंनीच लिहून ठेवलेलं असतं. पैसे देण्याआधी तुमचे पाच आवडते गेम तिथे शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं सॉलिडवर्क्स. कोल्हापुरात हा मुद्दा पुण्या-मुंबईपेक्षाही मोठा आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे नोकरी करायची असेल तर ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्स येणं ही रोजीरोटी आहे, आणि ही दोन्ही लिनक्सवर चालत नाहीत. घरात कुणी टॅलीवर हिशेब करत असेल किंवा श्रीलिपीवर छपाईचं काम करत असेल तर त्यांचंही तेच. अशा घरात एकट्या लिनक्सचा हट्ट धरू नका. दोन वेगळ्या एसएसडी, एकीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स, असं ठेवा. एकाच एसएसडीचे दोन भाग करता येतात, पण कधी कधी विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्सचं बूट गायब होतं आणि मग रविवार त्यात जातो.

त्या मुलाने शेवटी विंडोजच घातलं. ते बरोबरच होतं. पुढचं वाचा ते या दोन्ही प्रश्नांतून पास झालेल्यांनी.

ग्राफिक कार्ड: इथे लिनक्स तुमचा सल्ला बदलतं

विंडोजवर कुणीही सांगेल, "एनव्हिडिया घे, डोळे झाकून." लिनक्सवर मी एएमडी सांगतो. कारण निष्ठेचं नाही, ड्रायव्हरचं आहे. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो आणि त्याच्या वरचा मेसा नावाचा थर जवळपास प्रत्येक डिस्ट्रोबरोबर येतो. कार्ड लावा, चालू करा, झालं. स्टीम डेकमध्येही एएमडीचीच चिप असल्याने व्हॉल्व्ह स्वतःच्या पैशाने या ड्रायव्हरवर माणसं बसवतं, आणि त्याचा फायदा आपल्याला फुकट मिळतो. एनव्हिडियाचं कार्ड चालत नाही असं नाही. आता बरंच सुधारलंय. पण डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये त्याच कार्डाला विंडोजपेक्षा काही फ्रेम कमी पडताना दिसतात, आणि कर्नल अपडेट झाल्यावर कधी कधी ड्रायव्हरची कटकट होते.

जुन्या बाजारात हा फरक जास्त टोचतो. ओएलएक्सवर कोल्हापूर-सांगलीत सगळ्यात जास्त काय दिसतं? जीटीएक्स १०५० टीआय, १०६०, कधी १०७०. ही पास्कल पिढी. एनव्हिडियाच्या ५८० या ड्रायव्हर शाखेनंतर या पिढीचा सपोर्ट संपला. डिसेंबर २०२५ मध्ये आर्च लिनक्सने ५९० शाखा आणली तेव्हा जुनं कार्ड असलेल्यांना ड्रायव्हर हाताने मागे न्यावा लागला. मिंटसारख्या सावकाश चालणाऱ्या डिस्ट्रोवर ५८० धरून अजून काही काळ निघेल. पण आज पैसे मोजून हे कार्ड घेऊ नका. आहे तर वापरा, एवढंच.

याच्या उलट, २०१७ चं आरएक्स ५८० लिनक्सवर अजून आरामात चालतं आणि त्याचा ड्रायव्हर अजून सुधारतोय. घेताना दोन गोष्टी बघा. '२०४८ एसपी' लिहिलेलं असेल तर ते नाव ५८० चं आणि ताकद ५७० ची. आणि बरीच कार्डं खाणीतून आलेली असतात, म्हणजे क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली. पंखे आणि थर्मल पेस्ट बदलून चालतात, पण भाव त्या हिशेबाने पाडून मागा. शिवाय १८५ वॉट खातं ते.

नवं घ्यायचं तर १०८० पी साठी माझी पहिली पसंती अजूनही आरएक्स ६६०० ची आहे. २०२१ चं कार्ड, ८ जीबी मेमरी, १३२ वॉट. चार-पाच हजार जास्त जमत असतील तर आरएक्स ७६००. स्टीम मशीनमध्येही ८ जीबीचीच आणि ७६०० च्याच पिढीची चिप आहे, त्यामुळे पुढची काही वर्षं व्हॉल्व्ह याच ताकदीला धरून लिनक्सवरचे गेम नीट करत बसणार. ८ जीबी कमी पडते अशी ओरड बरोबर आहे, पण ती १४४० पी आणि अल्ट्रा सेटिंगवाल्यांची. पन्नास हजारांच्या पीसीत टेक्श्चर 'हाय' वर ठेवायचं आणि खेळायचं.

इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी देतं आणि मोह होतो. त्याला रिसायझेबल बार चालू असलेला बोर्ड लागतोच, आणि लिनक्सवर त्याची गाडी अजून एएमडीइतकी रुळलेली नाही. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र कुणी फुकट दिलं तरच घ्या. ४ जीबी, पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन, व्हिडिओ एन्कोडर नाही.

एका वर्गाला मी एनव्हिडियाच सांगतो: ज्यांना खेळाबरोबर एआय-एमएल शिकायचं आहे किंवा ब्लेंडरवर काम करायचं आहे. कूडा अजून एनव्हिडियाचंच आहे. पण घ्यायचं तर आरटीएक्स पिढीचं.

भोक कुठून भरायचं

प्रोसेसर आणि बोर्डात. एएम४ हा सॉकेट २०१६ पासून बाजारात आहे, म्हणून त्याचे बोर्ड स्वस्त आणि जुने प्रोसेसर भरपूर. रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉट. ६६०० किंवा ७६०० बरोबर तो कुठे कमी पडत नाही. प्रोसेसर सहसा बिघडत नाही, त्यामुळे तो सेकंडहँड घ्यायला मी घाबरत नाही. पिना वाकड्या नाहीत ना, तेवढं बघायचं (एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात). बी४५० बोर्ड जुना असेल तर ५००० मालिकेसाठी बायोस अपडेट करून मागा, नाहीतर घरी आणून काळा पडदा बघत बसाल. "एएम५ घे, पुढे अपग्रेड होईल" हा सल्ला गेल्या वर्षी बरोबर होता. आज तो डीडीआर५ मुळे पाच-दहा हजारांनी महाग पडतोय.

रॅमसाठी एक वाट विंडोज १० नेच उघडली आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे बँका आणि ऑफिसांमधली सहाव्या-सातव्या पिढीची मशिन आता मोडीत निघतायत. त्यांच्यात बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० च्या डीडीआर४ काड्या असतात. ८-८ जीबीच्या सारख्या दोन मिळाल्या तर ३२०० च्या तुलनेत थोड्या फ्रेम जातील, पण काम भागेल. काडी डीडीआर३ ची नाही, लॅपटॉपची आखूड नाही आणि सर्व्हरची 'रजिस्टर्ड' नाही, एवढी खात्री करा. घरी आल्यावर मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा.

नवीच घ्यायची आणि पैसे आत्ता नाहीत, तर ८ ची एक काडी घेऊन दुसरी नंतर, हे ग्राफिक कार्ड असलेल्या पीसीत कसंबसं चालतं. फेडोरा आणि बॅझाइटमध्ये झेडरॅम आधीच चालू असतं, ते रॅममधला डेटा दाबून बसवतं, त्याचा थोडा आधार मिळतो. पण ५६००जी सारखा प्रोसेसर घेऊन त्याच्याच ग्राफिक्सवर खेळणार असाल तर दोन काड्या हव्यातच. तिथे रॅमच ग्राफिक्सची मेमरी असते, एका काडीवर तो लंगडतो.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई घ्या, बोर्डावर दुसरी जागा असू द्या. जुनी हार्डडिस्क असेल तर ती गाणी-पिक्चरला. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर स्टीमची लायब्ररी ठेवून प्रोटॉन चालवू नका, गेम कारण न सांगता बंद पडतात. ईएक्सटी४ करा.

कॅबिनेट जाळीचं घ्या, पुढे दोन पंखे. काच, लाइट तुमची हौस.

एसएमपीएसमध्ये काटकसर नको

कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणारा ४५० वॉटचा एसएमपीएस हा आपल्याकडचा जुना रोग आहे. लिहिलेले वॉट आणि १२ व्होल्टच्या लाइनवर खरे मिळणारे वॉट यांचा त्यात मेळ नसतो. हलका असतो, हातात घेतला की कळतं. वळवाच्या पावसात लाइट जाते-येते, व्होल्टेज नाचतं, आणि असा एसएमपीएस गेला तर एकटा जात नाही, बोर्ड किंवा कार्ड घेऊन जातो. ८० प्लस ब्रॉन्झ, ५५० वॉट, पाच वर्षं वॉरंटीचा घ्या. वाचवलेले दीड हजार वीस हजारांच्या कार्डावर जुगार म्हणून लावू नका.

यूपीएसबद्दलही गैरसमज आहे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. गेम चालू असताना त्याचं काम एवढंच: सेव्ह करून मशीन नीट बंद करायला दोन-चार मिनिटं देणं. लाइट गेल्यावर मॅच पूर्ण करू म्हणाल तर जमणार नाही. बिलाचं म्हणाल तर असा पीसी खेळताना अंदाजे अडीचशे वॉट घेतो. रोज चार तास धरले तर महिन्याला ३० युनिट. महावितरणचा तुमचा आकडा १०० युनिटच्या काठावर असेल तर वरच्या स्लॅबमध्ये ढकलायला ते पुरेसं आहे. घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वायफायसाठी शक्यतो केबल ओढा. जमत नसेल तर इंटेलच्या चिपचं कार्ड घ्या. तीनशे-चारशेच्या यूएसबी डोंगलचे ड्रायव्हर लिनक्सवर शोधत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

दुकानात काय करायचं

कार्ड आणि बोर्ड कोलकाता, मुंबईच्या ऑनलाइन दुकानांत हजार-पंधराशेने स्वस्त दिसतात. दुकानात घ्या किंवा मागवा, पण १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सीरियल नंबर हवाच, आणि त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी विचारा. पुण्याला पार्सल पाठवून तीन आठवडे वाट बघायची असेल तर वाचलेले हजार फार वाटत नाहीत.

सोबत एक पेनड्राइव्ह न्या, त्यावर मिंट किंवा बॅझाइट टाकून. दुकानात जोडणी झाली की पैसे द्यायच्या आधी त्यावरून मशीन बूट करा. इन्स्टॉल करायची गरज नसते, पेनड्राइव्हवरूनच चालतं. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, दोन्ही काड्या मोजल्या जातात का, कार्डाचं नाव बरोबर दिसतं का, हे पाच मिनिटांत कळतं. अगदी नवं कार्ड असेल, समजा आरएक्स ९०६० एक्सटी, तर जुन्या कर्नलवर ते ओळखलं जाणार नाही, म्हणून पेनड्राइव्हवरची आवृत्ती ताजी ठेवा. दुकानदार "हे काय नवीन?" म्हणून बघेल. बघू दे. मी गेलो तिथे एका पोराने शेवटी माझ्याकडून पेनड्राइव्ह कॉपी करून घेतला.